शिजला तरी कांदा घातकच

बीड जिल्ह्यातल्या शेतवस्त्यांवर राखणीच्या कुत्र्यापुढे उरलेली भाकरी आणि कांदा घातलेलं कोरड्यास ठेवलं जातं. ‘वर्षानुवर्षं हेच खातो, त्याला काही होत नाही,’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा. कांदा-लसणातल्या गंधकयुक्त संयुगांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानं हा धोका टळत नाही. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा घातक ठरू शकतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅमही. रोज थोडा खाल्ला तरी इजा साठत जाते. मरगळ, फिकट हिरड्या, गडद लालसर लघवी ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात, म्हणून संशय कांद्यावर जात नाही. भाकरी जरूर घाला. सोबत फोडणीआधी बाजूला काढलेलं वरण द्या. राखणदाराचा एवढा हक्क आहेच.