शेऱ्याच्या रकान्यातला रक्तगट

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर "आरोग्यसेवेतील प्रमाणित परिभाषा व माहितीची देवाणघेवाण" असं छापलंय. ते वाचूनही आपण इतके जण आलात, याबद्दल आधी आभार. हा विषय मांडायचा तर साधारणपणे संगणकापासून सुरुवात करतात. आम्ही ती रक्तापासून करणार आहोत, आणि त्यासाठी आपल्याला फार लांब जायचं नाही. आपण दादरला बसलोय, इथून परळचं केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे.

1952 साली केईएम आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रक्तनमुने असे आढळले, की ते कुणाशीच जुळेनात. नेहमीच्या तपासणीत गट 'ओ' दिसायचा. पण ओ गटाचं रक्त त्यांच्याशी जुळवायला गेलं की गुठळ्या! त्या वर्षीच्या मे महिन्यात 'लॅन्सेट' या नियतकालिकात लेख आला. लेखकांमध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया ही आपली मंडळी आणि सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स हे इंग्लंडमधले संशोधक होते. या गटाला पुढे जगभर 'बॉम्बे' म्हणू लागले.

यात नेमकं घडतं काय? आपल्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा एक पदार्थ असतो. त्याला पाया समजा. ए गटाच्या माणसात या पायावर एक साखर चढते, बी गटात दुसरी, एबीमध्ये दोन्ही. ओ गटात काहीच चढत नाही, नुसता पाया राहतो. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. म्हणून ए आणि बी शोधणाऱ्या तपासणीत काही सापडत नाही, आणि आपण लिहून मोकळे होतो, 'ओ'. पण या माणसाच्या रक्तद्रवात एचच्या विरोधातले प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, तयार असतात. ज्या ओ निगेटिव्हला आपण "कुणालाही चालतं" म्हणतो, त्यावर तर एच भरपूर असतो. ते रक्त या माणसाला दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. युरोपात दहा लाखांत एक.

मधेच एक गोष्ट सांगायला हवी. या गटाच्या माणसाकडे ए किंवा बी यांचा जनुक असू शकतो, फक्त पाया नसल्यामुळे तो दिसत नाही. त्यामुळे आई किंवा वडील एबी आणि मूल 'ओ' असा निकाल येऊ शकतो, जो शाळेतल्या जीवशास्त्राप्रमाणे अशक्य आहे. मग घरात कुणाकडे बोट दाखवलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. नोंदीतलं एक अक्षर कुठवर पोचतं बघा.

आता परिभाषेकडे येऊ. आम्ही रुग्णालयांच्या नोंदी संगणकावर आणण्याचं काम करणारी माणसं. एका रक्तपेढीत (नाव सांगत नाही) आम्ही जुन्या वह्या चाळत होतो. हाच एक गट तिथे पाच तऱ्हांनी लिहिलेला होता. कुठे 'बॉम्बे', कुठे 'बॉम्बे ओ', कुठे 'ओएच', कुठे 'एचएच', आणि एका ठिकाणी नुसतं 'ओ' लिहून त्यावर लाल पेनाने गोल. त्या पेढीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लाल गोल म्हणजे बॉम्बे, इथे सगळ्यांना माहितीये." खरं होतं. त्यांच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

पंचाईत पुढे झाली. नव्या संगणक प्रणालीत रक्तगटाची यादी उघडली की आठ पर्याय यायचे, ए, बी, एबी, ओ आणि प्रत्येकाचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. नववा नाहीच. टाइप करणाऱ्या मुलाने काय करावं? त्याने 'ओ पॉझिटिव्ह' निवडलं आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात 'बॉम्बे' असं लिहिलं. त्याचा काही दोष नाही, त्याने जमेल तेवढं केलं. पण दुसऱ्या रुग्णालयाकडे माहिती पाठवताना प्रणाली गटाचा रकाना पाठवायची. शेरा जागेवरच राहायचा. परळमध्ये जो माणूस 'बॉम्बे' होता, तो रस्ता ओलांडल्यावर 'ओ' झाला.

आणि रस्ता ओलांडणं हे आम्ही अलंकार म्हणून म्हणत नाही. परळला जाऊन बघा. केईएम 1926 सालचं, टाटा मेमोरियल 1941 सालचं, शेजारी वाडियांची मुलांची आणि बाळंतपणाची रुग्णालयं. एकाच पेशंटचा केस पेपर, एक्स-रे आणि रिपोर्ट कॅरीबॅगमध्ये घालून नातेवाईक एका इमारतीतून दुसरीत जाताना रोज दिसतील. आपल्याकडची माहितीची देवाणघेवाण आजही मुख्यतः त्या कॅरीबॅगमधूनच होते. ती हिणवण्यासारखी गोष्ट नाही. त्या पिशवीतला कागद वाचणारा डॉक्टर शेरा वाचतो, लाल गोल बघून विचारतो. संगणक विचारत नाही.

म्हणून एकाच गोष्टीचं एकच नाव आणि त्या नावाला स्वतःची जागा, या दोन्ही लागतात. हा धडा रक्तगटांनी वैद्यकाला याआधीही एकदा दिलेला आहे. लँडस्टायनर यांनी 1901 साली रक्तगट जगासमोर मांडले. पुढे यान्स्की यांनी 1907 मध्ये त्यांना एक ते चार असे आकडे दिले, आणि 1910 मध्ये मॉस यांनीही स्वतंत्रपणे एक ते चार आकडे दिले. गंमत अशी, की यान्स्कींचा पहिला गट म्हणजे आजचा ओ आणि चौथा म्हणजे एबी, तर मॉस यांचा पहिला म्हणजे एबी आणि चौथा म्हणजे ओ. दोन आणि तीन दोघांचे सारखे! एका दवाखान्यातून 'गट चार' असा निरोप गेला, तर दुसऱ्याने तो कुठल्या पद्धतीने वाचायचा? दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. 1920 च्या दशकाच्या शेवटी ए, बी, एबी, ओ ही अक्षरं सर्वमान्य झाली, तेव्हा हा घोळ मिटला. रशियात आजही ओ गटापुढे रोमन एक लिहिलेला दिसतो, तो यान्स्कींचा.

आता बॉम्बेच्या नावाचं बघू. जनुकशास्त्रात या माणसाला दोन लहान लिपीतल्या एचनी दाखवतात. लहान एच म्हणजे काम न करणारा जनुक. मोठ्या लिपीतले दोन एच म्हणजे ज्याचे दोन्ही जनुक ठणठणीत आहेत असा माणूस, म्हणजे बरोबर उलट. आपल्या वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपांतून मात्र सर्रास 'एचएच रक्तगट हवा आहे' असं येतं, आणि इंग्रजी निरोपात ते बहुधा मोठ्या लिपीत असतं. देवनागरीत तर लहान-मोठी लिपी नाहीच. 'एचएच' लिहिलं की दोन्ही अर्थ एकाच शब्दात गडप. लिपीचा यात काही अपराध नाही, पण जो फरक लिपीला दाखवता येत नाही, तो अक्षरांच्या भरवशावर ठेवू नये इतकं खरं.

इथे कोड कामाला येतो. कोड म्हणजे मुद्दाम निरर्थक ठेवलेला क्रमांक. तो निरर्थक असतो हाच त्याचा गुण, कारण ज्याला अर्थ नाही त्याचा कुणी गैरअर्थ काढत नाही. रक्ताच्या पिशव्यांसाठी 'आयएसबीटी 128' नावाची जागतिक पद्धत आहे. तिच्यात ओ पॉझिटिव्हला 51, ओ निगेटिव्हला 95 असे क्रमांक आहेत, आणि बॉम्बेला त्यांच्यापासून वेगळे, स्वतःचे क्रमांक आहेत. आपल्या देशातल्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर साठा शोधतानाही 'ओएच' हा गट वेगळा निवडता येतो. म्हणजे नववा पर्याय आहे. तो प्रत्येक रुग्णालयाच्या यादीत आहे का, हा पुढचा प्रश्न.

शहराचं नाव 1995 साली मुंबई झालं, रक्तगट बॉम्बेच राहिला. उद्या तोही बदलला तरी बिघडत नाही. क्रमांक तोच राहील, त्याच्यापुढे एक नाव वाढेल, जुन्या नोंदी जशाच्या तशा सापडतील.

रक्ताच्या पिशवीबाहेरच्या जगासाठी दोन नावं लक्षात ठेवा, लॉइंक आणि स्नोमेड सीटी. ढोबळ मानाने सांगायचं तर लॉइंक प्रश्नाला क्रमांक देतं आणि स्नोमेड उत्तराला. "या रक्ताचा एबीओ गट कोणता?" या प्रश्नाचा लॉइंक क्रमांक 883-9 आहे. मग प्रयोगशाळेने छापील रिपोर्टवर 'ब्लड ग्रुप' लिहो, 'बी.जी.' लिहो की 'रक्तगट' लिहो, प्रश्न एकच ठरतो. भारत 2014 मध्ये स्नोमेडचा सदस्य झाला, त्यामुळे आपल्याकडे ते वापरायला शुल्क नाही. त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्याला, सी-डॅकमध्ये आहे. पैशाची सबब त्यामुळे तेव्हाच संपली आहे. सवयीची सबब अजून शाबूत आहे.

एककांचंही हेच. लंडनला राहणारी मावशी फोनवर सांगते, "उपाशीपोटी साखर सात आली गं." इथली बहीण घाबरते, कारण इथे शंभर-सव्वाशेचे आकडे चालतात. तिथले मिलिमोल, इथले मिलिग्रॅम. सात म्हणजे आपले 126. एकक सोडून नुसता आकडा पाठवला तर तो आकडा कामाचा नाही.

प्रश्न, उत्तर, एकक, कुणाचं रक्त, कधी तपासलं, कुणी तपासलं, हे सगळं ज्या ठरलेल्या साच्यात घालून पाठवतात त्याला 'फायर' म्हणतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये हाच साचा स्वीकारलेला आहे. 27 सप्टेंबर 2021 रोजी ते देशभर सुरू झालं. त्यातला चौदा आकडी आभा क्रमांक आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. त्या क्रमांकात आपली माहिती साठवलेली नसते. माहिती ज्या रुग्णालयाची त्याच्याकडेच राहते, आणि आपण संमती दिली तर तेवढ्यापुरती दुसरीकडे जाते. मात्र आभा क्रमांक काढला म्हणजे नोंदी जुळल्या असं नाही. क्रमांक सांगतो माणूस कोण. त्याच्याबद्दल काय लिहिलंय हे कळायला वरची सगळी परिभाषा लागते. जाहिरातीत पहिला भाग येतो, दुसरा येत नाही.

एक धोका मात्र आम्ही लपवणार नाही. चूक कागदावर होती तोवर ती एका फायलीत पडून राहायची. कोडबद्ध चूक सगळीकडे पोचते, आणि स्वच्छ, छापील, अधिकृत दिसते. पहिल्या तपासणीत कुणी बॉम्बेला 'ओ' ठरवलं, तर जगातली उत्तमातली उत्तम प्रणाली तो 'ओ' बिनचूक पोचवील. फरक आधी कुणीतरी प्रयोगशाळेत पाहावा लागतो. भेंडे यांच्या काळी तो काचेच्या नळीत दिसला होता.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "माझ्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह आहे. मी बॉम्बे नाही कशावरून?" प्रश्न रास्त आहे. पेशींची तपासणी हा अर्धा भाग झाला. रक्तपेढीत रक्तद्रवाचीही उलट तपासणी करतात, आणि त्यात ओ गटाच्या पेशी घेतलेल्या असल्या तर बॉम्बे लगेच पकडला जातो. कुठल्याशा शिबिरात बोटाला टोचून काचपट्टीवर केलेली तपासणी मात्र यासाठी पुरेशी नाही. आपण कधी रक्तदान केलं असेल तर तिथे दोन्ही तपासण्या झालेल्या असतात. शिवाय रक्त चढवण्याआधी जुळवणी, म्हणजे क्रॉसमॅच, होतेच. त्यात बॉम्बे माणसाचं रक्त प्रत्येक पिशवीशी भांडतं. तेव्हा बहुतेक वेळा चुकीचं रक्त जात नाही. जातो तो वेळ. मध्यरात्री अपघाताचा पेशंट टेबलावर असताना दाता शोधायला सुरुवात करायची, की त्याच्या नोंदीत आधीपासून बरोबर गट असल्यामुळे तो दारात पोचण्याआधीच फोन लावायचे, इतका हा फरक आहे.

दुसरा प्रश्न एका बाईंचा होता, "भावाचा गट बॉम्बे निघालाय, आम्ही काय करावं?" सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या. हा गुण आई आणि वडील दोघांकडून मिळून येतो, त्यामुळे दुसरं भावंडही बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे बाहेरच्या दहा हजारांत एकच्या मानाने खूपच मोठी. केईएमच्याच आवारात 1957 साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, अशा दुर्मिळ गटांचं काम तिथे चालतं. आणि कार्डावर गट लिहून घ्याल तेव्हा नुसतं 'एचएच' लिहू देऊ नका. 'बॉम्बे' असा पूर्ण शब्द, पुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, आणि हे सगळं गटाच्या रकान्यात. शेऱ्यात नको.