इंग्रजीच्या शिक्षकाचे शिक्षण

जून महिना उजाडला की मराठी शाळांच्या घटत्या पटसंख्येची चर्चा सुरू होते आणि पावसाची पहिली झड ओसरेपर्यंत ती विरूनही जाते. अमुक गावची प्राथमिक शाळा बंद पडली, तमुक गावची शेजारच्या शाळेत विलीन झाली, अशा वार्तांनी आता कोणास धक्का बसत नाही. या स्थितीचे खापर कधी सरकारच्या माथी फुटते, कधी पालकांच्या इंग्रजीवेडाच्या. पालकांना वेडे ठरविणे सोपे आहे. परंतु आपल्या मुलाला मराठी येऊच नये असे वाटणारा पालक विरळा. त्याची अपेक्षा एवढीच असते की, दहावी झालेल्या मुलाला इंग्रजीत चार ओळींचा अर्ज धड लिहिता यावा आणि मुलाखतीत तोंड उघडता यावे. मराठी शाळेत हे साधेल असा त्याला भरवसा वाटत नाही, म्हणून तो शाळाच बदलतो. तेव्हा माध्यमाचा म्हणून जो वाद आपण वर्षानुवर्षे घालीत आलो आहोत, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी इंग्रजी हा एक विषय नीट शिकविला जात नाही हे दुखणे आहे. विषय नीट शिकविला जात नसेल, तर तो शिकविणाऱ्याला कोणी आणि काय शिकविले, हा प्रश्न निदान मराठीच्या अभिमान्यांनी तरी विचारावयास हवा.

इंग्रजी घेऊन बी. ए., जमल्यास एम. ए. झालेला उमेदवार मिळाला की इंग्रजीच्या शिक्षकाची सोय झाली, अशी आपल्या संस्थाचालकांची समजूत असते. शेक्सपिअरची दोन नाटके, वर्डस्वर्थच्या काही कविता, हार्डीची एखादी कादंबरी, एवढ्या शिदोरीवर हा तरुण पाचवीच्या वर्गात उभा राहतो. हॅम्लेटच्या द्विधा मनःस्थितीवर तो दहा पृष्ठे लिहून आलेला असतो. वर्गातले पोर त्याला विचारते, ‘ए’ केव्हा लावायचा आणि ‘द’ केव्हा? मराठीत या दोन्ही उपपदांना जोड नाही. त्यामुळे हे त्याला स्वतःलाही कधी कोणी समजावून दिलेले नसते. वाचून वाचून कानाला बसले, एवढेच. उत्तम श्रोता असणे वेगळे आणि तबला शिकविता येणे वेगळे, हे ज्या भूमीने इतके गवई आणि वादक दिले त्या भूमीत तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

मागच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, शब्द पाठ करा, नियम पाठ करा, असा तो खाक्या होता. त्यातून निघालेला विद्यार्थी व्याकरणात पक्का आणि बोलण्यात बहुधा मुका असे. पण त्या पाठमालेला हिणविण्याचे कारण नाही. तिने मराठी मुलाची अडचण मराठीच्या बाजूने पाहिली, आणि हे पुढच्या अनेक नव्या पद्धतींना साधलेले नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा तो काळ होता. पिणारे थोडे होते आणि पचविणारे त्याहून थोडे. गोव्याची गोष्ट किंचित निराळी. येथे पोर्तुगीज अमदानीत राज्यभाषा एक आणि पोटाची भाषा दुसरी, अशी अवस्था होती. लिसेवची वाट पणजीत संपे, मुंबईची वाट इंग्रजीतून जाई. म्हणून १९६१ पूर्वीच मुंबईच्या मॅट्रिकसाठी विद्यार्थी तयार करणाऱ्या इंग्रजी शाळा येथे उभ्या राहिल्या होत्या.

परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याचे जे शास्त्र आज जगभरच्या विद्यापीठांत पदव्युत्तर पातळीवर शिकविले जाते, त्याचा पाया बराचसा आशियात घातला गेला. हॅरल्ड पामर हे १९२२ मध्ये जपानच्या शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून तेथे गेले. त्यांच्या मागोमाग गेलेल्या हॉर्न्बींनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह परकी विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये प्रथम जपानातच छापला गेला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने हाती घेतला, आणि आज आपल्या घरोघरी दिसणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश हा त्याचाच वंशज आहे. पण आम्हांला या सर्वांत अधिक जवळचा वाटतो तो मायकेल वेस्ट. हा गृहस्थ ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगाली मुलांवर प्रयोग करून त्याने १९२६ मध्ये द्वैभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने विचारलेला प्रश्न मोठा व्यवहारी होता. शाळेत दाखल झालेल्या मुलांपैकी फारच थोडी शेवटच्या वर्गापर्यंत पोचतात. मग मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय पडते? विम्याचे हप्ते मध्येच थांबविले तरी पॉलिसीची काही एक रक्कम परत मिळते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. वेस्टने नेमका हाच शब्द भाषाशिक्षणाला लावला. चार वर्षे इंग्रजी शिकून शाळा सोडलेल्या मुलाला त्या चार वर्षांचा काही मोबदला मिळाला पाहिजे. सात-आठ वर्षे पुरी केली तरच फळ, नाहीतर सारे वाया, असा अभ्यासक्रम गरिबाच्या मुलाची फसवणूक करतो. वेस्टचे म्हणणे असे की, बंगाली मुलाला सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे वाचन, म्हणून मोजक्या शब्दांची सोपी वाचनमाला त्याला द्यावी. वाचन आधी की बोलणे आधी, यावर आज मतभेद होतील. परंतु आठवीत शाळा सोडून हॉटेलात वा बोटीवर कामाला लागलेल्या आमच्या मुलाच्या पदरी त्याच्या इंग्रजीचे काय पडले, हा हिशेब आमच्या कोणत्या शिक्षणाधिकाऱ्याने मांडला आहे?

स्वातंत्र्यानंतर देशात संरचना पद्धतीचे वारे आले. शिक्षकाने दाराकडे चालत जायचे आणि चालता चालता ‘आय ॲम गोइंग टु द डोअर’ म्हणायचे. मुलांनी एका सुरात तेच म्हणायचे. सोप्या वाक्यरचना आधी, अवघड मागून, प्रत्येकीचा घोटून सराव. पद्धत वाईट नव्हती, पण ती पेलण्यासाठी शिक्षकाचे स्वतःचे बोलणे शुद्ध आणि सहज हवे होते. मद्रास राज्यात ब्रिटिश कौन्सिलच्या साह्याने २७,००० प्राथमिक शिक्षकांना नव्याने तयार करण्याची मोहीम आखली गेली. थोड्यांनी अनेकांना शिकवायचे, त्या अनेकांनी आणखी अनेकांना, असा तिचा क्रम होता; घरंगळताना मोठ्या होत जाणाऱ्या हिमाच्या गोळ्यावरून तिला नावही तसेच पडले. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना हिमाचा अनुभव नाही, दुधात पाणी घालण्याचा आहे. पहिल्या भांड्यातले दूध तिसऱ्या-चौथ्या भांड्यात जाईतो त्याचा रंग तेवढा उरतो. तरीही ‘एका मास्टर ट्रेनरने शंभर शिक्षक तयार केले’ अशी वाक्ये आपल्या खात्यांच्या अहवालांत अजून मोठ्या अभिमानाने छापली जातात.

याहून भक्कम काम १९५८ मध्ये हैदराबादला सुरू झाले. तेथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. ब्रिटिश कौन्सिल आणि फोर्ड प्रतिष्ठान यांचे तिला साह्य होते. तिचे संचालकपद आरंभीच्या वर्षांत भूषविले विनायक कृष्ण गोकाक यांनी. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये अध्यापक, सांगलीच्या विलिंग्डनचे आणि कोल्हापूरच्या राजारामचे प्राचार्य, ही त्यांची आधीची वाटचाल मराठी वाचकांना परिचित असेल. १९९० मध्ये ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारा कन्नडचा हा महाकवी देशातल्या इंग्रजी शिक्षकांना घडविण्यास बसला होता, ही गोष्ट स्वभाषेचा अभिमान आणि इंग्रजीचे चांगले अध्यापन यांत वैर मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. १९७२ मध्ये या संस्थेच्या नावात अन्य परकीय भाषांची भर पडली आणि २००७ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. वडोदऱ्याजवळ वल्लभ विद्यानगरातही १९६५ पासून इंग्रजी शिक्षकांसाठी एक स्वतंत्र संस्था आहे.

अशा ठिकाणी पदवीधर शिक्षकाने शिकायचे ते काय? प्रथम ध्वनी. ‘वेस्ट’ हा शब्द देवनागरीत लिहिला तर तो पश्चिम दिशा की अंगातला बनियन, हे कळण्यास मार्ग नाही. इंग्रजीत तेथे दोन वेगळी अक्षरे आणि दोन वेगळे उच्चार आहेत, एकात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आमच्या कानाला मात्र दोन्हीकडे एकच ‘व’ ऐकू येतो. आघाताचेही तसेच. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. मराठीत आघाताने असे स्थलांतर करण्याची चाल नसल्यामुळे आपण सारेच अवयव सारख्या वजनाने उच्चारतो आणि परका श्रोता गोंधळतो. प्रशिक्षित शिक्षक हे सांगू शकतो, करून दाखवू शकतो, नुसता एम. ए. झालेला ‘नीट बोल’ एवढेच म्हणतो.

नंतर चुका. ‘त्याने मला सांगितले’ या वाक्यातला ‘मला’ इंग्रजीत नेताना आमचा विद्यार्थी ‘ही टोल्ड टू मी’ असे लिहितो. तांबड्या शाईने तो ‘टू’ खोडणे कोणालाही जमेल. एडिंबराचे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये एका गाजलेल्या लेखात असे मांडले की, शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या डोक्यात भाषेची कोणती घडण चालू आहे याचा पुरावा असतो. वैद्याने नाडी पाहावी तशी शिक्षकाने चूक पाहावी. यासाठी शिक्षकाला इंग्रजीइतकेच मराठीचे व्याकरणही डोळसपणे ठाऊक हवे, आणि नेमके तेच आमच्या प्रशिक्षणात कोणी शिकवीत नाही. विभक्तिप्रत्यय कोठे शब्दयोगी अव्यये होऊन इंग्रजीत घुसतात, याचा एक महिना अभ्यास केलेला शिक्षक वर्गातल्या अर्ध्या चुका आधीच ओळखील.

पद्धतींविषयीही या शिक्षकाने स्वतंत्र बुद्धीने विचार करावा, हे आम्हांला पटते ते एन. एस. प्रभू यांच्या उदाहरणावरून. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर, मद्रास आणि कडलूर येथील साध्या शाळांत एक प्रयोग चालविला. वर्गात व्याकरणाचा पाठ नाही, वाक्ये घोटणे नाही. आगगाडीचे वेळापत्रक, गावाचा नकाशा असे काही पुढे ठेवायचे आणि त्यावरचे कोडे मुलांनी इंग्रजीतून सोडवायचे. आधी सारा वर्ग शिक्षकासह, मग प्रत्येकाने एकट्याने. लक्ष अर्थाकडे लागले की रचना आपोआप अंगवळणी पडते, असा प्रभूंचा सिद्धांत. परीक्षणात निष्कर्ष संमिश्र निघाले, तरी जगभरच्या भाषाशिक्षकांना आज हा प्रयोग अभ्यासावा लागतो. १९९० मध्ये याच प्रभूंनी सर्वोत्तम पद्धत अशी नसतेच, असे एका निबंधात प्रतिपादिले. शिक्षकाला आपण काय करतो आणि ते का परिणामकारक होईल याची जाण किती जिवंत आहे, हे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

याच्या शेजारी बाजाराचे चित्र ठेवून पाहावे. लंडनच्या इंटरनॅशनल हाउसने १९६२ मध्ये इंग्रजी शिक्षकांसाठी एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला. आज केंब्रिजच्या शिक्क्याने चालणारे प्रमाणपत्र त्याच परंपरेतले. चार आठवडे, १२० तास, त्यांत सहा तास प्रत्यक्ष वर्ग. तेवढ्यावर इंग्रजी मातृभाषा असलेला तरुण अर्ध्या जगात नोकरी करू शकतो. मातृभाषक तोच उत्तम शिक्षक, हा समज १९६१ च्या माकेरेरे येथील राष्ट्रकुल परिषदेने पक्का केला, अशी टीका रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये आपल्या भाषिक साम्राज्यवादावरील ग्रंथात केली. त्यांच्या साऱ्याच मतांशी आम्ही सहमत नाही. त्यांत कटाचा वास थोडा अधिक येतो. परंतु ज्याने स्वतः ती भाषा कष्टाने मिळविली आहे त्याला वाट कोठे निसरडी आहे हे ठाऊक असते, हे खरेच. आमच्या खेड्यातल्या शिक्षकाने न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या हाती तेवढी साधने दिली पाहिजेत.

ती दिली जातात काय? २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे झाले, पण इंग्रजीचे अध्यापन हा त्यातल्या अनेक विषयांपैकी एक विषय. महाराष्ट्राने २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आणले आणि ते शिकविण्याचे काम पडले ते ज्यांनी स्वतः पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरविली अशा कित्येक गुरुजींवर. गोव्याने १९९० मध्ये प्राथमिक अनुदान मातृभाषेच्या शाळांपुरते ठेवले, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले केले. दोन्ही वेळा मोर्चे निघाले, सभा गाजल्या. या रणधुमाळीत मराठी व कोकणी शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकाला प्रशिक्षणासाठी कोठे पाठवावयाचे, हा मुद्दा एकाही व्यासपीठावरून ऐकल्याचे आम्हांला स्मरत नाही.

मुख्याध्यापकांची अडचण आम्ही जाणतो. शिक्षक महिनोन् महिने हैदराबादला गेला तर त्याचे वर्ग कोणी घ्यावयाचे? म्हणून पगारी रजा, बदली शिक्षकाचे वेतन आणि परतल्यावर पाच वर्षे त्याच शाळेत राहण्याचा करार, या तिन्ही गोष्टी एकाच आदेशात यावयास हव्यात. गोव्यात बारा तालुके आहेत. तालुक्यामागे वर्षाला दोन शिक्षक निवडले तर ही संख्या चोवीस होते, आणि निवडीत प्राथमिक शाळांचा वाटा निम्मा असावा. चोवीस जणांचे वेतन, निवास आणि शुल्क यांचा हिशेब करण्यास शिक्षणखात्याच्या एका कारकुनाला एक दुपार पुरेल. तो त्याने येत्या अर्थसंकल्पापूर्वी करावा.