मुद्दल बायांचं, बक्षीस बाप्यांचं

देवळ्यात दवाखाना चालवण्यात माझी हयात गेली. आता डॉक्टरकीला लागलेल्या तालुक्यातल्या मुलींसाठी शिष्यवृत्ती ठेवायचं मनात आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वाटायचं. आमचे सीए म्हणाले, "मॅडम, पैशाचं सोपं आहे. अटी काय घालता ते सांगा." तिथंच घोडं अडलं.

अटींनी काय होतं ते एडिथ पीची या डॉक्टरकी शिकणाऱ्या इंग्रज मुलीला विचारावं. एडिनबरा विद्यापीठात थॉमस चार्ल्स होप हे डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत. 1826 साली त्यांनी शहरातल्या बायकांसाठी व्याख्यानं दिली. त्यांच्या फीमधून होप शिष्यवृत्ती निघाली. 1870 मध्ये पीची पात्र विद्यार्थ्यांत पहिली आली. वरचे दोघे तो वर्ग आधी एकदा करून बसलेले, म्हणून बाद. शिष्यवृत्ती म्हणजे प्रयोगशाळा फुकट वापरायची मुभा. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी ती खालच्या नंबरच्या मुलांना दिली. कारण काय, तर मुलींचा तास वेगळ्या वेळी भरतो, सबब त्या वर्गात नाहीत. वेगळं बसवलं कोणी? विद्यापीठानंच!

पीचीनं 1877 मध्ये बर्नहून एम.डी. मिळवली, 1883 च्या अखेरीस मुंबई गाठली आणि पुढे कामा हॉस्पिटल सांभाळलं. रखमाबाई विलायतेला डॉक्टरकी शिकायला गेल्या, त्यामागेही तिचा आधार होता. 1908 मध्ये ती गेल्यावर नवऱ्यानं, हर्बर्ट फिप्सननं, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत तिच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली. ती 1948 पर्यंत चालली. आपल्या नाशिकजवळही पीची-फिप्सन नावाचं बायका-मुलांचं आरोग्यधाम होतं, हे किती नाशिककरांना ठाऊक असेल?

तेव्हा माझ्या कागदावर 'पहिला नंबर' हा शब्द नाही. 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा दिलेलीही चालेल. फीला सरकारी सवलती आहेत. पण मेस, पुस्तकं, हाडांचा सेट यांचे पैसे कांद्याचा भाव पडला की कुठून आणायचे? व्याज त्यासाठीच. निवड समितीत निम्म्या बाया.

"शिकून देवळ्यातच दवाखाना टाकावा, अशी अट घाला," असं आमचे हे म्हणतात. ती मी खोडली. इंग्लंडातल्या लँगम खेड्यातल्या पीचीला कोणी अशी अट घातली असती, तर कामा हॉस्पिटलात कोण आलं असतं?