वारा सीमा मानत नाही, मीटर मानतो

शेजारणीकडून वाटीभर साखर आणायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. विजेचे मात्र तसे नाही. आणि शेजारीण दुसऱ्या देशात राहत असेल, तर विचारूच नका!

जर्मनीतले हारेन आणि नेदरलँड्समधले एमेन ही सीमेच्या दोन बाजूंची शेजारी गावे. हारेनच्या शिवारात पवनचक्क्या इतक्या, की गावाची गरज भागून वीज उरते. एमेनची वस्ती लाखाच्या पुढची, शिवाय कारखाने. त्याची भूक मोठी. उरलेली वीज सरळ पलीकडे द्यावी, असे दोन्ही गावांनी मनावर घेतले, प्रकल्पही आखला. घोडे अडले ते कायद्यात. सीमा ओलांडणारी वाहिनी म्हणजे राष्ट्रीय पारेषण कंपन्यांचा प्रांत. तिथे गावांना कोण विचारतो? त्यात दोन्हीकडचे कर निराळे, मीटरचे नियम निराळे.

गंमत अशी, की स्वित्झर्लंडमधल्या लाउफेनबुर्गला फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या वीजवाहिन्या १९५८ सालीच जोडल्या गेल्या. महायुद्ध संपून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. थोरामोठ्यांना जे तेव्हा जमले, ते शेजाऱ्यांना अजून जमू नये!

देशांतर्गत वाटपाची वाट मात्र मोकळी झाली आहे. युरोपीय संघाच्या २०१८ च्या निर्देशाने घरे, नगरपालिका, छोटे उद्योग यांना एकत्र येऊन वीज निर्माण करण्याचा आणि आपसांत वाटण्याचा हक्क दिला. ऑस्ट्रियाने २०२१ मध्ये तसा कायदा केला. यासाठी वेगळी तार ओढावी लागत नाही. शाळेच्या छपरावर दुपारी तयार झालेली वीज दर पंधरा मिनिटांच्या मीटर-नोंदींवरून सभासद घरांच्या नावे मांडली जाते, आणि जवळच्या जवळ वापरली म्हणून वहनशुल्कातही सूट मिळते. आपल्या भिशीसारखाच हा विश्वासाचा आणि चोख हिशेबाचा मामला.

पण त्याच निर्देशात परदेशी शेजाऱ्याला सभासद करून घ्यायचे की नाही, हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडले आहे. मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे. पवनचक्कीची घरघर सीमेपलीकडे ऐकू जाते, तिच्यातला वाटा मात्र जात नाही. आणि उत्तर जर्मनीत वारा जोरात सुटला, वाहिन्या तुडुंब भरल्या, की पवनचक्क्या चक्क थांबवायला सांगतात. मालकाला त्याची भरपाई मिळते. ती वसूल होते वीजग्राहकांच्या बिलातून.