जखमी सापाच्या पेटीतली ऊब

सापाच्या पेटीला ऊब द्यायची ती एकाच टोकाला. दुसरे टोक थंड ठेवायचे. बाकीची सगळी मांडणी या एका नियमावर उभी आहे. साप आपल्या शरीरातून पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. कोवळे ऊन, तापलेला कातळ, वारुळातली स्थिर ऊब यांच्याजवळ जाऊन आणि नको झाली की बाजूला सरकून तो दिवसभर आपले तापमान सांभाळतो. पेटीत ठेवलेल्या सापाची ही ये-जा बंद पडते. ती पेटीतच पुन्हा उपलब्ध करून देणे हे ऊब देणाऱ्याचे खरे काम.

डोळखांब हे शहापूर तालुक्याच्या पूर्वेकडचे, आजोबा डोंगराच्या वाटेवरचे गाव. भातखाचरे, दगडी बांध, ओहोळ आणि सागाचे जंगल असलेल्या या भागात धामण, नाग, दिवड, मण्यार, घोणस, क्वचित अजगर अशी सापांची वस्ती दाट आहे. यातला एकही साप घरी पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार देशी साप पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशी जातीचा बॉल पायथनसारखा साप शहरात पाळणाऱ्यांनाही 2024 च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. मात्र जखमी सापाला वन विभागाच्या माहितीने आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने काही दिवस ठेवावे लागते, आणि ऊब देण्याचा प्रश्न या भागात खऱ्या अर्थाने तिथेच येतो.

जखमा बहुधा माणसाच्या कामातून होतात. भातकापणीत विळा लागतो, उडवी हलवताना काटा घुसतो, बांध काढणाऱ्या जेसीबीखाली पाठ दबते, ओढ्यात लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात दिवड अडकून सोलवटते. कापणी संपता संपता थंडी सुरू होते. समुद्रापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी असल्याने इथल्या रात्री मुंबई-ठाण्यापेक्षा बऱ्याच गार असतात. गार पडलेल्या सापाची जखम भरत नाही, दिलेले औषध शरीरात नीट फिरत नाही आणि फुफ्फुसाचा संसर्ग लवकर होतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारा, नाकाशी बुडबुडे येणारा साप पेटीत दिसला तर आधी पेटीचे तापमान पाहावे.

इथे एक भेद पक्का ध्यानात ठेवावा लागतो. डिसेंबरमध्ये बांधावर सुस्त पडलेला अजगर बहुतेक वेळा आजारी नसतो. तो ऊन खात असतो. थंडीत मंदावणे हा त्याचा स्वभाव आहे. अशा निरोगी सापाला दयेपोटी उचलून उबेला ठेवणे म्हणजे त्याची जागा हिरावून घेणे.

गावात ऊब म्हटली की पहिला हात बल्बकडे जातो. शहापूर-मुरबाड पट्ट्यात कोंबड्यांच्या शेड पुष्कळ आहेत आणि पिलांना बल्बखाली ऊब देणे सगळ्यांच्या सवयीचे आहे. सापासाठी हाच बल्ब पेटीत सोडला तर घात होतो. गारठलेले पिलू चटका बसताच पळते. साप तसा पळत नाही. थंडी वाजत असेल तर तो उबेच्या वस्तूला विळखा घालून बसतो आणि कातडी भाजत असली तरी जागा सोडत नाही. पोटाचे खवले लालसर, मग तपकिरी होतात, कधी फोड येतात, आणि हे माणसाच्या लक्षात येते तेव्हा एक-दोन दिवस उलटून गेलेले असतात. विळ्याची जखम बरी करायला आणलेली धामण भाजून मरावी, याइतकी टाळता येण्याजोगी गोष्ट दुसरी नाही. बल्बचा उजेड रात्रभर सापाला अस्वस्थ ठेवतो ते वेगळेच. थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब लावणे तर आगीला बोलावणेच.

सगळ्यांत निर्धोक साधन म्हणजे पेटीच्या बाहेरून, तळाखाली लावायचा चपटा हीट मॅट. तो तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावा. पेटीखाली चार कोपऱ्यांना लाकडाचे तुकडे देऊन बोटभर पोकळी ठेवावी. नाहीतर उष्णता कोंडते आणि प्लास्टिक मऊ पडते. पेटीत तळाशी कागद अंथरावा. जखम असताना माती किंवा भुसा नको. उबेच्या टोकाला एक आणि गार टोकाला एक अशा दोन लपायच्या जागा ठेवाव्यात. मडक्याची फुटकी खापरी किंवा पुठ्ठ्याचा खोका चालतो. आडोसा एकाच टोकाला असला तर साप तापमान पाहून जागा निवडत नाही, आडोसा पाहून निवडतो, आणि मग दोन टोकांचा उपयोग राहत नाही. पाण्याचे भांडे गार बाजूला. उबेवर ठेवलेल्या पाण्याची वाफ होऊन पेटी दमट होते.

धामण, नाग, अजगर यांच्यासाठी उबेचे टोक 30 ते 32 अंश सेल्सिअस आणि गार टोक 24-25 अंश असले की पुरते. रात्री दोन-तीन अंश उतरले तर बिघडत नाही. हा आकडा हाताने चाचपून ठरवता येत नाही. माणसाच्या तळव्याला कोमट वाटणारा पृष्ठभाग तासन्‌तास पोट टेकून बसणाऱ्या सापाला भाजू शकतो. पेटीच्या दोन्ही टोकांना तळालगत एकेक डिजिटल थर्मामीटर लागतोच. कोरोनाच्या काळात ग्रामपंचायती आणि शाळांनी घेतलेले बंदुकीसारखे थर्मामीटरही उपयोगी पडतात. फक्त ते शरीराऐवजी पृष्ठभागाचे तापमान दाखवण्याच्या स्थितीत ठेवावे लागतात.

मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये. अंडी उबवण्याच्या यंत्रात वापरतात तो छोटा डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. त्याची संवेदक तार मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये, बाहेरून घट्ट बसवावी. तार पेटीत सोडली आणि सापाने ती पाण्याच्या भांड्यात ढकलली, तर यंत्राला वाटते पेटी गार आहे, आणि मॅट रात्रभर तापत राहतो. तार आत चिकटपट्टीने चिकटवणे त्याहून वाईट: पट्टी सुटते, सापाला चिकटते आणि ओढताना कातडी सोलून निघते. थर्मोस्टॅटमधला रिलेही कधी चालू अवस्थेतच अडकतो. म्हणून मॅट मुळातच कमी वॅटचा घ्यावा, इतका की तो अखंड चालला तरी तळ 35-36 अंशांच्या फार वर जाऊ नये. साप आत ठेवण्यापूर्वी रिकामी पेटी पूर्ण एक दिवस-रात्र चालवून नोंदी घ्याव्यात. हा एक दिवस वाचवण्याचा मोह होतो आणि बहुतेक अपघात त्या मोहातच आहेत.

पेटी मोठी असेल, अजगर असेल, तर वरून सिरॅमिक हीटर लावतात. त्याला उजेड नसतो, पण पृष्ठभाग प्रचंड तापतो. त्याला प्लास्टिकचा होल्डर नको, चिनी मातीचा हवा, आणि भोवती सापाला विळखा घालता येणार नाही अशी जाळी हवी.

वीज हा ग्रामीण भागातला कायमचा प्रश्न. ती जाते तेव्हा पेटी गोणपाटाने तीन बाजूंनी झाकली तर बराच वेळ ऊब टिकते. हवेची भोके मात्र मोकळी हवीत. त्यापुढे रबरी पिशवीत किंवा बाटलीत हाताला सोसेल असे गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून एका टोकाला ठेवावे आणि दर दोन तासांनी बदलावे. उकळते पाणी नको, चुलीशेजारी पेटी नको, शेगडी तर नकोच. तिच्या धुराने सापाचा जीव जाऊ शकतो. वीज परत येताना दाब चढतो, त्यामुळे जोडणीला वाढीव दाब रोखणारे उपकरण असावे, आणि शॉकपासून बचावासाठी गळती पकडणारा ब्रेकरही.

गारठून ताठलेला साप आणला तर त्याला थेट 30 अंशांवर ठेवू नये. खोलीच्या तापमानापासून सुरुवात करून चार-सहा तासांत हळूहळू चढवत न्यावे. नीट उबेपर्यंत अन्न देऊ नये. उबेशिवाय पचन थांबते, गिळलेला उंदीर पोटात कुजतो आणि साप तो ओकतो. आधीच अशक्त साप यातून सहसा सावरत नाही. भक्ष्य दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस वीज जाणे सगळ्यांत घातक, म्हणून पाण्याची तयारी आधी करावी आणि मग खाऊ घालावे.

स्वतःची ऊब निर्माण करणारा साप अगदीच नाही असे मात्र नाही. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली अजगराची मादी स्नायू आकसत थरथरते आणि अंडी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम ठेवते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहात प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन्स यांनी 1841 मध्ये अशा मादीचे तापमान मोजले होते. 1966 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे स्नायूंच्या आकसण्यामुळेच घडते हे दाखवले. ही ताकद अंडी उबवणाऱ्या मादीपुरतीच. जखमी अजगराला तिचा आधार नाही. त्यालाही बाहेरूनच ऊब लागते.

जखम भरली की ऊब एकदम काढून घेऊ नये. शेवटच्या आठवड्यात रोज एक-दोन अंश कमी करत, अखेरच्या दोन रात्री मॅट बंद ठेवून सापाला बाहेरच्या थंडीची सवय होऊ द्यावी. सोडायचे ते वन कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत, सापडला त्या जागेच्या जवळ आणि ऊन चांगले तापल्यावर, म्हणजे अंधार पडण्याआधी त्याला बीळ किंवा बांधाची फट शोधता येते. जखमी साप दिसला तर त्याला हात न लावता वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.