रोवलेल्या दाताची निगा

दात पडले की कवळी बसवायची, हा मागच्या पिढीपर्यंतचा सरळ मार्ग होता. आता मध्यम परिस्थितीच्या कुटुंबांतही दंतरोपणाचा, म्हणजेच इम्प्लांटचा, विचार होऊ लागला आहे. धाराशिव जिल्ह्यातून या उपचारासाठी बाहेरगावी जाणारे लोक पुष्कळ आहेत. तुळजापूर व उमरगा भागातील मंडळींना सोलापूर सोयीचे पडते, कळंबकरांना लातूर जवळ, परंड्याच्या लोकांना बार्शी. मुले पुण्यात नोकरीला असली तर आईवडिलांचे उपचार तिकडेच होतात. शस्त्रक्रिया पार पडते, काही महिन्यांनी वर कॅप बसते, मोठी रक्कम चुकती होते आणि माणूस समाधानाने गावी परततो. त्या दाताचे पुढील आयुष्य मात्र गावीच, रोजच्या मोरीवर ठरणार असते. ही गोष्ट निघताना सांगितलेली असली तरी पुष्कळदा विसरली जाते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू. त्यावर एक जोडभाग आणि जोडभागावर दातासारखी दिसणारी कॅप, अशी त्याची तीन अंगे असतात. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रेनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करीत असता, हाडात बसवलेले टायटॅनियम हाडाशी इतके एकजीव झाले की ते सुटेना, असे त्यांच्या ध्यानात आले. याच गुणाचा उपयोग करून १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन यांचे २००६ मध्ये निधन झाले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते त्याच आधारावरील दातांनी जेवत होते. या साधनाचे आयुष्य किती दीर्घ असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

तथापि या उदाहरणावरून एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो. धातूला कीड लागत नाही, म्हणून या दाताला काही होत नाही, असे मानले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. कीड धातूला लागत नाही आणि चिनीमातीसारख्या कॅपलाही लागत नाही. परंतु इम्प्लांट ज्या हिरडीतून वर येते ती हिरडी आणि ज्या हाडात ते रुतलेले असते ते हाड जिवंत आहे. आजार होतो तो त्यांना.

नैसर्गिक दाताच्या मुळाला सूक्ष्म तंतू घट्ट चिकटलेले असतात. दात आणि हिरडी यांच्यामधील वाट ते अडवून धरतात. इम्प्लांटभोवती हिरडीचे तंतू त्याला काटकोनात न चिकटता त्याच्या कडेने वळसा घेऊन जातात. त्यामुळे तेथील बंदोबस्त कमकुवत असतो. अन्नाचे कण आणि जंतूंचा चिकट थर हिरडीच्या कडेला साचला, की प्रथम हिरडी सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. या टप्प्यावर नीट स्वच्छता झाली तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झाले तर सूज खाली उतरते व हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

सर्वांत मोठी अडचण ही, की हे सारे बहुधा न दुखता घडते. दात किडला तर ठणक लागते आणि माणूस दवाखाना गाठतो. इम्प्लांटच्या आत नस नसते. ते हलू लागेपर्यंत पुष्कळांना कसलीही तक्रार नसते, आणि इम्प्लांट स्वतःच हलू लागले की ते वाचण्याची शक्यता फार थोडी उरते. म्हणून येथे दुखण्याची वाट पाहून चालत नाही.

रोजची स्वच्छता अवघड नाही, मात्र ती नेमकी असावी लागते. मऊ केसांचा ब्रश घ्यावा, तो हिरडीच्या कडेशी थोडा तिरका धरावा आणि हलक्या हाताने लहान गोलाकार फिरवावा. सकाळी व रात्री प्रत्येकी दोन मिनिटे पुरेत. कॅपची बाहेरची बाजू सर्वजण घासतात. जिभेकडील व टाळूकडील बाजू राहून जाते आणि थर बहुतेक तेथेच साचतो. ब्रशचे केस फाकले की तो बदलावा; साधारण तीन महिन्यांत ती वेळ येतेच.

दोन दातांमधील फटीत साधा ब्रश पोहोचत नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा अगदी छोटा ब्रश औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळतो. त्याची तार प्लास्टिकने मढवलेली असावी, म्हणजे धातूवर ओरखडे पडत नाहीत. फटीनुसार त्याची जाडी बदलते, म्हणून योग्य माप दंतवैद्यांकडूनच ठरवून घ्यावे. चार-सहा दात एकत्र जोडलेले असतील तर त्या पुलाच्या खालून हा ब्रश किंवा जाड मऊ दोरा फिरवावा लागतो. दोऱ्याचे तुकडे अडकून राहत असतील तर दोरा सोडून ब्रशच वापरावा, कारण अडकलेला तंतू स्वतःच सूज आणतो. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे, पण ते ब्रशची जागा घेत नाही. औषधी गुळण्यांचे द्रावण वैद्यांनी सांगितले तितकेच दिवस वापरावे. क्लोरहेक्सिडिन दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात आणि चव बदलते.

काही जुन्या सवयी येथे बाधक ठरतात. राख, कोळसा, मीठ किंवा खरखरीत लाल दंतमंजन बोटाने चोळण्याची सवय असेल तर ती सोडावी. कडुनिंबाच्या वा बाभळीच्या काडीने हिरडीला इजा होते. मराठवाड्यात अनेक घरांतील वयस्क स्त्रिया मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि दात साफ होण्याच्या समजुतीने ती थेट हिरडीवर चोळली जाते. कोणत्याही रूपातील तंबाखू इम्प्लांटची वैरी आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे हाही या दाताच्या निगेचाच भाग आहे, कारण वाढलेल्या साखरेत हिरडीची सूज लवकर बरी होत नाही.

व्रतनियम पाळणाऱ्या कुटुंबांसाठी एक व्यावहारिक सूचना. चौविहार करणाऱ्यांनी सायंकाळचे भोजन आटोपताच, सूर्यास्तापूर्वी, दात नीट स्वच्छ करून घ्यावेत. त्यानंतर रात्रभर तोंडात काही जात नाही, हे दातांच्या दृष्टीने फार हिताचे आहे. उपवासात पाणी कमी पोटात गेल्याने तोंड कोरडे पडते, लाळ घटते आणि जंतूंना वाव मिळतो. त्या दिवशी पेस्ट वर्ज्य असली तरी थर निघतो तो प्रामुख्याने केसांच्या घर्षणाने. नियमात बसत असेल तर नुसता मऊ ब्रश फिरवणेही उपयोगाचे आहे.

तपासणी पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे निदान सहा महिन्यांनी व्हावी. हाडाची पातळी पाहण्यासाठी वैद्य सांगतील त्याप्रमाणे एक्स-रे काढावा. प्रत्येक वेळी दूरच्या शहरात जाणे शक्य नसेल तर तालुक्याच्या गावातील दंतवैद्यांकडे जावे, पण तोंडात इम्प्लांट आहे हे त्यांना आरंभीच सांगावे. त्याभोवतीचे कीटण काढण्याची हत्यारे निराळी असतात. नेहमीच्या पोलादी हत्याराने पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे चालू असतील तर तेही सांगावे आणि ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

येथे कागदपत्रांचे महत्त्व येते. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि प्रत्येकीचे स्क्रू व ते फिरवण्याची अवजारे वेगळी असतात. पुण्यात बसवलेल्या दाताची कॅप भूम किंवा वाशीत सैल झाली आणि कंपनी व माप ठाऊक नसेल, तर पाच मिनिटांचे काम अडून बसते. उपचार संपताना कंपनीचे नाव, प्रकार, माप, तारीख आणि पहिला एक्स-रे यांची नोंद मागून घ्यावी व ती बँकेच्या पासबुकाइतकीच जपून ठेवावी. घरातील आणखी एकाला तिची जागा माहीत असावी.

घासताना रक्त येणे, हिरडी लाल होणे वा खाली सरकणे, पू, दुर्गंधी, तोंडात विचित्र चव, धातूचा आटा दिसू लागणे, कॅप हलणे यांपैकी एकही खूण दिसली तर थांबू नये. नुसता स्क्रू सैल झाला असेल तर तो घट्ट करता येतो. हाड झिजले असेल तर काही वेळा कृत्रिम हाड भरण्याचा उपचार सुचवला जातो. या उपचारातील काही भुकट्या व पडदे प्राण्यांपासून, विशेषतः गाय व डुक्कर यांपासून, बनवलेले असतात. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी आधीच स्पष्ट विचारावे. पूर्णतः कृत्रिम पदार्थ किंवा रुग्णाचेच हाड वापरण्याचे पर्यायही असतात.

अखेरचा मुद्दा कुटुंबाचा आहे. साठीत इम्प्लांट बसवणारी व्यक्ती ऐंशीत पोहोचते तेव्हा हात कापू लागतात, दृष्टी मंदावते, कधी स्मृतीही साथ सोडते. कवळी काढून दुसऱ्याला धुता येते. इम्प्लांट तोंडातच असते. आजारी आजीला जेवू घालणारी सून किंवा मुलगा तिचे औषध वेळेवर देतो. दात घासून द्यायचे मात्र सुचत नाही आणि आजीलाही संकोचाने सांगता येत नाही. जाड मुठीचा किंवा बॅटरीवर चालणारा ब्रश हातात द्यावा. तेही जमत नसेल तर रुग्णाला टेकवून बसवून, उजेडात, शांतपणे दिवसातून एकदा तरी दात साफ करून द्यावेत.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर इम्प्लांट ही वापरातली मालमत्ता आहे आणि देखभालीचा खर्च तिच्या किमतीतच धरायला हवा. हा खर्च फार नाही: एक मऊ ब्रश, एक छोटा ब्रश, वर्षातून दोन फेऱ्या आणि रोजची काही मिनिटे. उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वीच तो कोण आणि कसा उचलणार, याची चर्चा घरात व्हावी.