सांडलेल्या रक्ताचं रसायन

गुडघ्याला मुका मार लागला की कातडी आधी काळीनिळी होते, मग हिरवट, शेवटी पिवळसर. हे सगळे रंग सांडलेल्या हिमोग्लोबिनच्या मोडतोडीचे: हिरवा बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. ब्रेन हॅमरेजनंतर कवटीच्या आतही हीच मोडतोड चालते.

पण तिथे ती फार महागात पडते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, ऊर्जेच्या खर्चात मात्र सुमारे 20 टक्के. ही सगळी ऊर्जा रक्तच पुरवतं, तरीही निरोगी मेंदूत रक्त चेतापेशींना थेट शिवत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती निवडक पदार्थांनाच आत सोडतात. रक्तदाब वाढून खोलवरची एखादी बारीक वाहिनी फुटली की ही व्यवस्था मोडते. हिमोग्लोबिनमधून सुटलेलं लोह भोवतालच्या पेशींना इजा करू लागतं. ग्लुटामेट हे एरवी निरोप पोचवणारं रसायन. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा हजारो पट जास्त असतं. पेशी फुटून ते बाहेर सांडलं की शेजारच्या पेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. मायक्रोग्लिया नावाच्या सफाई पेशी साकळलेलं रक्त गिळायला लागतात. हे काम कित्येक आठवडे चालतं, आणि तरीही लोहाचा डाग वर्षानुवर्षं एमआरआयमध्ये दिसत राहतो.

खरं आश्चर्य यापुढे आहे. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात मेंदूच्या देठात, अगदी चिमुकले. पण त्यांचे तंतू सबंध मेंदूभर पसरलेले असतात. रक्तस्रावाने वाटेतले तंतू तुटले, तर दूरच्या धडधाकट भागातही या रसायनांचा पुरवठा घटू शकतो.

आता डोंबिवलीतलं एखादं दोन खोल्यांचं घर डोळ्यांसमोर आणा. ब्रेन हॅमरेजनंतर बाबा काठी घेऊन चालू लागलेत. पण कुकरची शिट्टी आणि टीव्ही एकदम सुरू झाले की कासावीस होतात. आंघोळ करून आले तरी आडवे होतात. मालिकेतल्या साध्या प्रसंगाला हुंदके देतात. विचारलं तर म्हणतात, ‘वाईट काहीच वाटत नाहीये.’ घरचे म्हणतात, ‘मनावरच घेत नाहीत.’ हा आळस नाही, नाटक तर नाहीच. रडण्याहसण्यावर ताबा ठेवणारे मार्ग दुखावले की दुःख नसतानाही रडू येतं. ब्रेन हॅमरेज हा स्ट्रोकचाच एक प्रकार, आणि स्ट्रोकनंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं.

यावर उपचार आहेत. ब्रिटनमधल्या ‘फोकस’ चाचणीत (2018) स्ट्रोकच्या रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सरसकट देऊन हालचाल सुधारली नाही, पण नैराश्याचं प्रमाण घटलं. हाडं मोडण्याचं मात्र वाढलं. म्हणून गोळी डॉक्टरांनीच ठरवायची. सोबत फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार हवेतच, कारण तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याने शिल्लक पेशी नव्या जोडण्या करतात. मनाच्या आधारासाठी डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था ठाण्यातच आहे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर मोफत मिळते.

पेशंट चालू लागला म्हणजे आजार संपला, असं समजू नका. पुढच्या तपासणीला जाताना रक्तदाबाच्या आकड्यांशेजारी झोप, थकवा आणि रडू यांचीही नोंद लिहून न्या, आणि डॉक्टरांना ती वाचायला लावा.